तुम्ही विचारलंत म्हणून: खंड्याला गरम होत नाही का?

आम्ही दोघं नवरा-बायको व्हॅन घेऊन कोकणात फिरतो, रात्री व्हॅनमध्येच झोपतो आणि सोबत आमचा कुत्रा खंड्या असतो, एवढं सांगून होतंय न होतंय तोच प्रश्न येतो: "अहो, पण त्याला गरम नाही का होत?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी काळजी असते आणि थोडा ठपका.

होतं की. आम्हालाही होतं. पण आम्ही घाम गाळून मोकळे होतो, कुत्र्याला ती सोय नाही. त्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचा ओलावा उडाला की अंग निवतं. किनाऱ्यावरच्या हवेत मात्र आधीच इतकी वाफ असते की ओलावा उडायचं नाव घेत नाही. म्हणून कोकणात नुसता तापमानाचा आकडा बघून दिवस ठरवू नये. डिसेंबर-जानेवारी सोडले तर ३२ सुद्धा भारी पडतं.

लोकांना वाटतं, त्रास भर दुपारी होत असणार. दुपार तशी सोपी असते. दुपारी आम्ही गाडी चालवत असतो, एसी चालू असतो, नाहीतर एखाद्या देवळामागच्या आंब्याखाली आडवे झालेले असतो. पुळणीवर त्या वेळी जायचंच नाही, वाळू पंजे भाजते. फेरीबोटीचंही तेच. दाभोळहून धोपाव्याला जाताना चिपळूणचा वळसा वाचतो हे खरं, पण बोटीचा लोखंडी डेक दुपारी तव्यासारखा तापतो आणि धक्क्यावर रांगेत सावली मिळेलच असं नाही. म्हणून जयगडची असो की वेश्वीची, फेरी आम्ही सकाळचीच धरतो.

खरी अडचण दिवस मावळल्यावर सुरू होते. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेत. दिवसा जमीन तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन आधी निवते म्हणून तो उलटा फिरतो. पण हा बदल बटण दाबल्यासारखा होत नाही. मधे काही तास वारा पडतो, झावळी हलत नाही. व्हॅनचा पत्रा दिवसभराची धग आत सोडत असतो. अशा वेळी खंड्या दाराजवळच्या पायरीला पोट लावून पडतो आणि त्याच्या धापांचा वेग ऐकूनच आज कितपत झोप लागणार ते आम्हाला कळतं.

यावर आमचा उपाय म्हणजे मुक्काम वाडीत न करता वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर करायचा. माडाखाली गाडी लावलेली फोटोत छान दिसते, पण तिथे वारा अडतो, डास असतात आणि टपावर नारळ पडला तर जो आवाज होतो त्यानंतर कुणी झोपत नाही. सड्यावर जांभा संध्याकाळपर्यंत गरमच असतो, पण वाऱ्याला अडवणारं काही नसतं. गाडी अशी लावायची की बाजूचं सरकतं दार पश्चिमेला येईल आणि समोरची खिडकी पूर्वेला. सुरुवातीला समुद्राची झुळूक दारातून येते, पहाटेकडे मतलई वारा खिडकीतून. मधल्या पडत्या वेळेसाठी बारा व्होल्टचा पंखा आणि ओला पंचा. पंचा पोटाला आणि मांड्यांच्या आतून फिरवायचा, मग पंखा लावायचा. पाठीवर ओलं फडकं टाकून ठेवणारे असतात. वारा नसेल तर त्या फडक्यानं उलट ऊब कोंडते.

सड्याची किंमत मात्र मोजावी लागते, तिचं नाव फुरसं. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं म्हणजे काही नवलाई नाही. लहानसा, मातकट, दगडात दिसेनासा होणारा साप. कशेळीजवळ एकदा टॉर्च मारला तर मागच्या चाकापाशी वेटोळं करून बसलेलं होतं. ते पळालं नाही. अंगावर अंग घासून करवतीसारखा खरखर आवाज करत राहिलं. खंड्याचे कान ताठ, पण पट्टा हातात होता, म्हणून प्रकरण तिथेच संपलं. अंधार पडल्यावर त्याला मोकळा सोडायचा नाही, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. बिबट्याही आहेच, आणि त्याला कुत्रा आवडतो. आणखी एक, गाडी रस्ता सोडून सड्यावर घुसवू नका. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे या भागात पायाखालच्या कातळावर हत्ती, मासे, माणसं कोरलेली आहेत.

किनाऱ्यावर उतरतो ते पहाटे. तिथेही पट्टा असतोच. वेळास, आंजर्ल्याकडे नोव्हेंबरपासून मेपर्यंत कासवांच्या अंड्यांचा हंगाम, आणि वाळू उकरायला कुत्र्याला निमित्त लागत नाही. शिवाय रापणीच्या जाळ्यातून फेकून दिलेला केंड मासा. फुगलेला, काटेरी, मेलेला असला तरी विषारीच. खारं पाणी प्यायला तर पोट बिघडतं, आणि व्हॅनमध्ये कुत्र्याचं पोट बिघडणं म्हणजे काय हे मी लिहीत नाही. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुणं, मग कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणं. गोचीडताप हा कोकणात उन्हापेक्षा मोठा शत्रू आहे असं माझं मत आहे. लेप्टो आणि रेबीजच्या लशींची नोंदवही डॅशबोर्डात असते, घरी कपाटात नाही.

खंड्या देशी आहे याचा फार फायदा होतो. अंगावर विरळ केस, लांब नाक. चपट्या नाकाचा कुत्रा घेऊन कोकणात मे महिन्यात येऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगते. गावकऱ्यांना मात्र गंमत वाटते. "ह्यो तर गावठीच मरे!" असं म्हणून आचऱ्यात एक आजोबा हसले होते. व्हॅनमध्ये राहण्याचं त्यांना काहीच अप्रूप नव्हतं. काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं आचरं गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर झोपड्यांत जाऊन राहतं, ती गावपळण. "आम्ही सगळेच भायर पडतंव," म्हणाले.

याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: मग जेवायला जाता तेव्हा त्याला गाडीत ठेवता का? नाही. बाहेर ३५ असेल तर बंद गाडीत अर्ध्या तासात ५० च्या वर जातं, आणि काच चार बोटं खाली केल्यानं फारसा फरक पडत नाही. आम्ही पाळीपाळीनं जेवतो. एक जण खानावळीत, दुसरा खंड्याबरोबर बाहेर सावलीत. नवरा आधी जातो, कारण त्याला तळलेली सुरमई गरमच लागते. माझी पाळी येईपर्यंत सोलकढी संपलेली असते, त्याबद्दल कुणीच विचारत नाही.