लिंकन शिकवताना

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-१८६५) शिकवताना अब्राहम लिंकन यांना ‘गुलामांचे मुक्तिदाते’ म्हणून एका वाक्यात उरकणे सोपे असते, पण मला ते पटत नाही. म्हणून मी मुलांसमोर त्यांचे ऑगस्ट १८६२ मधील पत्र ठेवतो. संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या या पत्रात, एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचवता आले तर आपण तसे करू, असे ते स्पष्ट म्हणतात. वर्गात चुळबुळ सुरू होते. मग मी सांगतो की, मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी जुलैमध्येच मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता आणि तो जाहीर करण्यासाठी ते रणांगणावरील यशाची वाट पाहत होते.

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंडखोर, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील प्रदेशांपुरताच होता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली राज्ये त्यातून वगळली होती, आणि नकाशावर ती रंगवायला लावल्याशिवाय हा डाव मुलांच्या डोक्यात शिरत नाही. (लिंकन यांचे गेटिसबर्गचे प्रसिद्ध भाषण पाठ करून घेण्यापेक्षा मला हा नकाशा अधिक मोलाचा वाटतो.) गुलाम स्वतः पळून संघराज्याच्या छावण्यांत येत होते, हे सांगितले नाही, तर सगळे श्रेय एकाच माणसाच्या पदरात पडते.

देशभरातील गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने, लिंकन यांच्या हत्येनंतर. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच कार्याबद्दल. ती अर्पणपत्रिका मी या धड्याला जोडूनच वाचून घेतो.