केरो: दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव

अमेरिकेतल्या केरोला जायचं ठरवलं तेव्हा सेंट लुईसमधल्या ओळखीच्यांनी एकच सल्ला दिला: गाडीतून उतरू नका. पेट्रोल आधीच भरून घ्या, संगम बघा आणि पुढे व्हा. इंटरनेटवर तर या गावाच्या पडक्या दुकानांचे फोटो शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्याखाली 'ओसाड गाव' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. 2020च्या जनगणनेत इथे 1,733 माणसं नोंदली गेली आहेत. त्या फोटोंमध्ये त्यांतलं एकही दिसत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच, पण इथली माणसं केरो म्हणतात. इलिनॉय राज्याचं हे अगदी दक्षिण टोक. शिकागोही याच राज्यात, पण इथून सहाशे किलोमीटर उत्तरेला. वाटेत तासन् तास मका आणि सोयाबीन.

गावात शिरताना रस्ता रेल्वेच्या बांधाखालून जातो आणि तिथे डोक्यावर एक अवाढव्य पोलादी दार आहे. पाणी चढलं की ते बंद करायचं, म्हणजे गाव चारही बाजूंनी बांधांच्या आत. नदीकाठी गेलात तरी नदी दिसत नाही, दिसते काँक्रीटची भिंत. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला ओहायो आणि मधल्या चिंचोळ्या सखल पट्टीवर हे गाव.

गावाच्या खाली, बांधाच्या बाहेर, फोर्ट डिफायन्स आहे. इलिनॉयमधली ही सर्वांत सखल जागा. 1861 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या जनरल ग्रँटने इथेच तळ ठोकला होता, कारण इथे बसलं की दोन्ही नद्यांवरची वाहतूक हातात येते. संगम म्हटला की घाट, देऊळ, निदान एखादा फुलवाला, अशी आमची सवय. इथे पुरात वाहून आलेले ओंडके, चिखल आणि गळ टाकून बसलेले एक आजोबा. गढूळ मिसिसिपी आणि जरा काळसर ओहायो यांच्यामधली रेघ बऱ्याच लांबपर्यंत पुसली जात नाही. नाव पुढे मिसिसिपीचं चालतं, पण या ठिकाणी सरासरीने जास्त पाणी आणते ती ओहायो. आजोबांनी ते फार अभिमानाने सांगितलं. "आमची नदी मोठी," म्हणाले. मग त्यांनी आम्हाला बसायला बादली उलटी करून दिली. अमेरिकेत मला मिळालेल्या पाहुणचारात त्या बादलीचा नंबर फार वरचा आहे.

"गाव का रिकामं झालं?" असं मी विचारलं. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुरामुळे नाही."

1920 मध्ये इथे पंधरा हजारांवर लोक होते. वाफेच्या बोटी होत्या, रेल्वे नदीकाठी येऊन थांबायची आणि डबे बोटीवर चढवून पार न्यावे लागायचे. 1889 मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, पुढे मोटारींसाठीही दोन्ही नद्यांवर पूल आले, आणि 1978 मध्ये नवा महामार्ग गावाला बगल देऊन गेला. थांबायचं कारणच उरलं नाही. पण एवढ्याने गाव इतकं खचत नाही. 1909 मध्ये विल जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला इथे हजारोंच्या जमावाने ठार मारलं. 1962 मध्ये गोऱ्यांपुरत्याच राखलेल्या पोहण्याच्या तलावाबाहेर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या तरुणांत पुढे खासदार झालेले जॉन लुईस होते. 1967 मध्ये सुट्टीवर आलेला एक कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मरण पावला. 1969 पासून कृष्णवर्णीय रहिवाशांनी त्यांना नोकरी न देणाऱ्या दुकानांवर बहिष्कार घातला, तो वर्षानुवर्षं चालला. त्यांना कामावर ठेवण्यापेक्षा अनेक दुकानदारांनी कुलूप लावणं पसंत केलं. कमर्शियल ॲव्हेन्यूवर चालताना हे माहीत असेल तर ती बंद दारं 'सुंदर अवशेष' वाटत नाहीत. मी तिथे एकही फोटो काढला नाही.

आज गावात सुमारे सत्तर टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. 2017 मध्ये सरकारी वसाहतींच्या दोन मोठ्या संकुलांतली घरं राहण्यालायक नाहीत म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं ठरलं आणि शेकडो माणसं गेली, त्यांत शाळकरी मुलं कितीतरी. आजोबांची नातवंडंही त्यांतच. गावात पर्यायी घरंच नव्हती, मग जाणार कुठे? किराणा दुकानही कित्येक वर्षं नव्हतं. 2023 मध्ये लोकांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक काढलं. सहकाराच्या मुलखातून आलेल्या मला हे ऐकून आजोबांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरलाही.

बाकी दिवस मॅग्नोलिया मॅनर नावाची जुनी हवेली आणि ग्रंथालयाची देखणी इमारत बघण्यात गेला.

संध्याकाळी पुलावरून मिसिसिपीपलीकडच्या मिसुरी राज्यात उतरलो. इथली शेतं बघताना मात्र मन निवांत राहिलं नाही. 2011च्या मे महिन्यात केरोपाशी ओहायो 61 फुटांच्या वर गेली. गाव रिकामं करून, ते वाचावं म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी या बाजूचा बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगाने उडवला आणि सुमारे 1,30,000 एकर जमीन पाण्याखाली गेली. त्याआधी मिसुरीच्या विधानसभेच्या सभापतींना कुणीतरी विचारलं होतं, शेतं बुडावीत की केरो? ते म्हणाले, केरो. नंतर त्यांनी माफी मागितली, पण उत्तर तोंडून निघालं ते निघालंच.

बांध फुटल्यावर जे गाव खरंच बुडालं ते पिनहूक. 1940च्या दशकात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वसवलेलं, कारण पूर सोडण्यासाठी राखलेली ही जमीनच काय ती त्यांना विकत मिळत होती. जेमतेम तीस माणसं. ती तिथे परतली नाहीत. केरो वाचलं याचा आनंद मला आहेच, आजोबांशी बोलल्यावर तर फारच आहे. पण मोजणी दोन्ही गावांची व्हायला हवी होती, आणि पिनहूकच्या माणसांना पुन्हा घरं मिळायला इतकी वर्षं लागायला नको होती.