भैताड: तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात मी नागपूरचा म्हटलं, की संत्री आणि ऊन आटोपून गाडी इथेच येते: "ते भैताड म्हणजे नक्की काय हो? शिवी आहे का?" पूर्वी मी "वेडा" एवढं सांगून सुटका करून घ्यायचो. अर्धवट उत्तर होतं ते.

चहात साखरेऐवजी मीठ टाकणाऱ्यालाही आमच्याकडे भैताड म्हणतात, हे खरं. पण माझ्या लेखी अस्सल भैताड तो, ज्याला धोका दिसत असतो आणि तरी पाय मागे येत नाही. ट्रिपल सीट, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, सिग्नल लाल. "भैताडावानी गाडी चालवते" हे त्याचं प्रमाणपत्र. मित्राला, धाकट्या भावाला खुशाल म्हणा. सासऱ्यांना नको. पानठेल्यावर अनोळखी माणसाला म्हटलंत, तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

एवढ्यावर थांबलो असतो; पण 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आहे. अंबाझरी तलाव ओसंडला आणि झोपेतच वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. आम्ही तेव्हा डागा ले-आऊटला, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. बाहेर अंगणात गाड्या एकमेकींवर आपटत होत्या. आजींच्या दारापर्यंत छातीभर पाणी, लाईट अजून चालू आणि मीटरच्या पेटीला पाणी लागायला वीतभर बाकी. शेजारच्या काकूंचा पोरगा, तोच ट्रिपल सीटवाला, आईच्या दोन साड्यांना गाठ मारून एक टोक कठड्याला बांधत होता.

"भैताड झाला का बे? करंट लागल!" मी जिन्यावरून ओरडलो.

"मंग तुमी जाता का?" असं म्हणून तो उतरलासुद्धा.

मी कठड्याजवळची गाठ धरून उभा राहिलो. साडी ताणली की हायसं वाटायचं, सैल पडली की पोटात गोळा. तो आजींना पाठुंगळी घेऊन आला तेव्हा त्याच्या दातांत त्यांच्या औषधांची पिशवी होती. काकूंनी आधी त्याच्या थोबाडीत दिली. "भैताड कुठचा! मेला असता म्हंजे?" आणि लगेच पदरानं त्याचं डोकं पुसायला लागल्या. शिवी होती का ती? मला तरी तेव्हा तसं वाटलं नाही, आणि पुढे कित्येक महिने मी विचारणाऱ्यांना छाती फुगवून "भैताड म्हणजे जिगरबाज" असं सांगत फिरलो.

मग उन्हाळ्यात त्याच पोरानं वर्धा रोडवर सायकलवरच्या एका म्हाताऱ्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. काकूंसोबत मीही दवाखान्यात गेलो होतो. म्हाताऱ्याचा मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "असे भैताड पोट्टे रस्त्यावर कायले सोडता तुमी?"

इथे मात्र शिवीच होती, आणि रास्त होती. पोरगा तोच, शब्दही तोच. काकू मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसल्या. मी पुराचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायला हवं होतं का? पण ज्याच्या बापाचं हाड मोडलंय, त्याला अंबाझरीच्या पाण्याशी काय घेणंदेणं?