दूध भरलं की नाही?

मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी बाजूला घेतं आणि दबक्या आवाजात विचारतं, "घरातलं गांजाचं झाड कापायचं कधी, हे तुम्हाला कळतं कसं?" दबायचं काही कारण नाही. आपण कॅनडातल्या ऑन्टॅरिओत राहतो. ऑक्टोबर २०१८ पासून इथे घरटी चार झाडं कायद्याने चालतात. भारतात याच उद्योगाला १९८५च्या कायद्याने १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तेव्हा तिकडच्या भाच्यांनी हे नुसतं वाचावं.

पहिल्या वर्षी मी कॅलेंडर बघून कापलं. बियांच्या पाकिटावर 'फुलोरा ८ आठवडे' होतं. झाड फुलावर यावं म्हणून दिवे रोज १२ तासांवर आणले त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. पण झाड फुलावर यायलाच आठवडा-दोन आठवडे घेतं, ते कोण धरणार? वाळल्यावर हाती आला तो कापलेल्या गवताचा वास.

दुसऱ्या वर्षी केसरांनी फसवलं. कळीवरचे पांढरे तंतू तांबूस झाले की झालं, असं जो तो सांगतो. अहो, दिव्याची धग लागली, नाही तर नुसता हात घासला, तरी ते तांबूस होतात!

आता भिंग. ६० पट दाखवणारं, स्वस्तातलं. कळीवर बारीक देठांचे मणी दिसतात, राळ त्यातच असते. आधी काचेसारखे, मग दुधाळ, शेवटी मधाच्या रंगाचे. आमच्या सोलापूरकडे हुरड्याच्या वेळी कणसातला दाणा नखाने दाबून दूध भरलंय का बघतात, मला तेच आठवलं. जवळपास सगळे मणी दुधाळ आणि दहात एखादा मधाळ दिसला की मी कात्री काढतो. त्यापुढे थांबलं की नशा आणणारं टीएचसी मोडून त्याचं सीबीएन, म्हणजे फारच कमी नशेचं द्रव्य, होत जातं. मात्र बघायचं ते कळीवर. तिच्यातल्या छोट्या पानांवरचे मणी आधीच पिकतात. आणि झाड वाढवायचा जांभळा दिवा बंद करून, साध्या उजेडात. त्या दिव्याखाली काहीही खरं दिसत नाही.

सगळं झाड एकदम पिकतही नाही. मी शेंडे आधी उतरवतो, खालच्या फांद्यांना आणखी आठवडाभर देतो.

मग अंधाऱ्या, गार खोलीत दहा-बारा दिवस टांगायचं. बारीक काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की उतरवायचं. पण ते अजून कुणी विचारलेलं नाही.