काढलेले रक्त मलाच का दिले?

“तुमचेच रक्त तुम्हाला चढवले म्हणे! मग आधी काढलेच कशाला?” खुब्याचा सांधा बदलून घेतल्यापासून भेटायला येणारे बहुतेक जण हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी स्वतःला ‘ओ पॉझिटिव्ह’ समजत होते. शस्त्रक्रियेआधी रक्तपेढीत माझा नमुना ओ गटाच्या रक्ताशी जुळवून पाहिला, तेव्हा एकही पिशवी जुळेना. माझा गट ‘बॉम्बे’ निघाला. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला हाच तो गट. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर असणारा ‘एच’ नावाचा घटकही या गटात नसतो, आणि त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मात्र रक्तात तयार असतात. त्यामुळे ज्याला आपण सर्वांना चालणारे समजतो, ते ओ गटाचे रक्तही आम्हाला जीवघेणे ठरते.

सुदैवाने माझी शस्त्रक्रिया तातडीची नव्हती. शरीर गेलेले रक्त काही आठवड्यांत भरून काढते आणि काढलेली पिशवी २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस टिकते, या दोन गोष्टींच्या आधारावर डॉक्टरांनी बेत आखला. तीन आठवडे आधी एक आणि दहा दिवस आधी दुसरी, अशा ३५० मिलिलिटरच्या दोन पिशव्या काढल्या. नेहमीच्या रक्तदात्याचे हिमोग्लोबिन १२.५ लागते, इथे ११ चालते. तरी दुसऱ्या खेपेला माझे जेमतेम ११.४ भरले, आणि लोहाच्या गोळ्या मी किती नेमाने घेतल्या ते माझे मलाच ठाऊक. पिशवीवरच्या चिठ्ठीवर तंत्रज्ञाने माझ्याकडून सही करून घेतली. शस्त्रक्रियेच्या रात्री परिचारिकेने ती पिशवी डोळ्यांसमोर धरून नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचले. गुंगीतही माझी वाकडी सही मी ओळखली, आणि तेव्हा कुठे धीर आला.

म्हणून हे सगळ्यांनी करावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने ही पद्धत परदेशात फोफावली होती. आता रक्ताच्या चाचण्या पुष्कळ सुधारल्या आहेत. आधीच रक्त काढल्याने रुग्ण अशक्त होऊन शस्त्रक्रियेला जातो, पिशवीची अदलाबदल होण्याचा धोकाही उरतोच, आणि न लागलेले रक्त बहुधा वाया जाते. माझी दुसरी पिशवी अशीच मुदत संपून टाकून द्यावी लागली, त्याची हळहळ अजून वाटते.

हा गट आईवडील दोघांकडून येतो आणि सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता चारात एक असते, हे कळल्यावर मी धाकट्या बहिणीला तपासणीला नेले. तीही ‘बॉम्बे’च निघाली. तिच्या पर्समधल्या कार्डावर तोवर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेले होते. ते तिने रक्तपेढीच्या दारातच खोडले.