लोनातोचा पाऊस आणि नाकाडाचे पाच सेकंद

गाडीतून उतरल्यावर पोरगीचं पहिलं वाक्य, "बाबा, तोंडातनं वाफ येतीया बघा." फेब्रुवारी संपत आला होता. कोल्हापूर सोडलं तेव्हा दुपारी पंखा लावावा लागत होता. इथं उत्तर इटलीत, गार्डा सरोवराजवळच्या लोनातो गावात, रात्री गाडीच्या काचेवर बर्फाचा थर धरत होता.

लेक तेरा वर्षांची. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवायला शिकली, मग देशातल्या शर्यती झाल्या. परदेशातला हा तिचा पहिला शर्यतीचा आठवडा. गट ज्युनियर, इंजिन १२५ सीसीचं टू-स्ट्रोक रोटॅक्स, गिअर नाही. मी उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. त्यामुळे हा वृत्तांत अर्धा बापाचा आहे आणि अर्धा फिटरचा.

आधी कागदपत्रं, कारण निम्मे लोक इथंच अडकतात. देशातलं लायसन परदेशात पुरत नाही. एफएमएससीआय या आपल्याकडच्या मोटारशर्यतींच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय कार्टिंग लायसन आणि परदेशात खेळायची परवानगी, दोन्ही लागतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावा लागतो. मूल अल्पवयीन असेल तर दोन्ही पालकांची संमती लागते. आई घरी राहणार असली तरी तिच्या सह्या आधी करून ठेवा. प्रवासविम्यात 'मोटारस्पोर्ट वगळून' अशी ओळ आहे का, ते बारीक अक्षरांत शोधा. आमच्या पहिल्या पॉलिसीत होती, म्हणून दुसरी काढली.

हेल्मेट हातातल्या बॅगेत न्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना त्यांच्यासाठीचं हलकं, सीएमआर शिक्क्याचं हेल्मेट लागतं. मोठ्यांचं हेल्मेट 'घट्ट बसतंय की' म्हणून चालत नाही. सूटच्या कॉलरवरचं आणि बरगड्यांच्या संरक्षकावरचं मान्यतेचं लेबल तपासणीवाले हात लावून बघतात. आणि खाऊ नेताना एक ध्यानात ठेवा: युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. आजीनं दिलेले कंदी पेढे आम्ही मुंबई विमानतळावरच संपवले. मेतकूट, भाजणी आणि कांदा-लसूण मसाला बिनबोभाट गेला. तिथली हॉटेलं दुपारी स्वयंपाकघर बंद करतात, ते थेट रात्री सात-साडेसातला उघडतात. ट्रॅकवरून पाचला भुकेलं पोर घेऊन आलात की भाजणीची किंमत कळते.

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून भाड्याची गाडी घेतली. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. टोलनाक्यावर पिवळ्या पाटीची रांग त्यांच्या फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांची, तिकडे शिरू नका. जुन्या गावांच्या आत ठरावीक वाहनांनाच परवानगी असते. कॅमेरा फोटो काढतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. गाडी चालवायची नसेल तर मिलानहून रेल्वेनं देसेंझानोला उतरा. तिथून ट्रॅक जवळ आहे, पण सामानासकट टॅक्सी आधी ठरवून ठेवा.

आता ट्रॅक. लांबी १,२०० मीटर. आकड्यावरून छोटा वाटतो, पण श्वास घ्यायला जागा नाही. कार्ट आम्ही तिथल्याच एका टीमकडून भाड्यानं घेतली होती. फ्रेम, इंजिन, मेकॅनिक, तंबूतली जागा, सगळं धरून. कार्ट इथून पाठवायचा विचार करत असाल तर सोडून द्या. कार्ट बनवणारे कारखानेच तिथं आजूबाजूला आहेत. सीआरजीचा लोनातोतच आहे, टोनी कार्टवाल्यांचा प्रेवाल्लेला. रस्त्याच्या कडेला पाइप वाकवणारी, वेल्डिंग करणारी छोटी वर्कशॉपं दिसली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. नट सांडला तर तो तिथं दहा मिनिटांत मिळतो.

सरावाच्या पहिल्या सत्रात पोरगी सगळ्यात वेगवान पोरापेक्षा लॅपला पावणेदोन सेकंद मागे होती. मी इंजिनाला दोष द्यायला निघालो होतो. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, आम्ही कोल्हापूरच्या हिशेबानं सांगितलं होतं. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, लोनातो त्याच्या बरंच खाली, त्यात थंडी. हवा दाट, म्हणजे पेट्रोल जास्त लागणार, म्हणजे मोठं जेट. मेकॅनिकनं काही न बोलता बदललं. सुधारणा झाली, पण जेमतेम दोन दशांश. उरलेला सगळा फरक टायरमध्ये आणि तिच्यात होता. आपल्याकडे टायर एका लॅपमध्ये तापतात. इथं तीन लॅप नुसतं सरकत राहावं लागतं आणि तिथली पोरं त्या तीन लॅपमध्येच पुढं निघून जातात.

शनिवारी पाऊस आला. पोरगीनं आयुष्यात पहिल्यांदा पावसाळी टायरवर कार्ट चालवली. आपल्याकडे पावसाळ्यात ट्रॅक बंद, आणि इथं तो शर्यतीचा साधा दिवस. ओल्यात कार्ट नेहमी जाते ती वाट सोडायची. तिथं बसलेलं रबर साबणासारखं होतं, म्हणून वळणाला बाहेरून जायचं. मेकॅनिकनं पुढची चाकं रुंदावली, टायरची हवा वाढवली. व्हायझरवर धुकं धरू नये म्हणून काच केसभर उघडी ठेवून चिकटपट्टी लावली. पहिल्या हीटमध्ये, म्हणजे अंतिम शर्यतीआधीच्या पात्रता शर्यतीत, तिसऱ्याच वळणावर गिरकी. परत आली तर ओठ निळे. मी म्हटलं, नको असेल तर थांबू. ती म्हणाली, "घाबरलो नाही मी. हात गार पडल्यात, ब्रेकचा पाय नाही."

दुसऱ्या हीटला हातमोज्यांखाली पातळ रबरी मोजे घातले. मागून सुरुवात करून ती सतराव्या नंबरावर आली. यादी लागली तेव्हा नाव बावीसवर. कारण नाकाड. कार्टचं पुढचं प्लास्टिकचं नाकाड कुणाला धडकलं की मागे सरकतं. शर्यत संपताना ते जागेवर नसेल तर पाच सेकंदांचा दंड, धक्का कुणी दिला ते कुणी विचारत नाही. नियम चांगला आहे, असं मला दुसऱ्या दिवशी वाटायला लागलं. त्या रात्री नाही. आपल्याकडे ढकलून पुढं जायची सवय लागली असेल तर ती निघण्याआधी मोडा. तसंच चालत्या सुरुवातीला आखलेली मार्गिका सोडली तरी दंड होतो. तिथं तीस-पस्तीस कार्ट दोन रांगांत येतात, आपल्याकडच्या दहा-बारांत ते शिकता येत नाही.

अंतिम शर्यतीसाठी ती पात्र ठरली नाही.

पैसे कुठं घालायचे असं मला विचाराल तर एकच सांगेन: आठवडाभर आधी या. शर्यतीच्या टायरचा जादा संच, चांगलं इंजिन, हे नंतर. सरावाचे दोन दिवस जास्त मिळाले असते, त्यातला एक ओला मिळाला असता, तर पहिल्या हीटची गिरकी तिथंच झाली असती. पालकांनी सत्र संपताच ट्रॅकच्या कुंपणाशी धावू नये. मी एकदा धावलो, पास नव्हता म्हणून रखवालदारानं परत पाठवलं. दहा मिनिटांनी पोरगी मेकॅनिकशी मोडक्या इंग्रजीत, हातवाऱ्यांनी बोलत होती आणि माझी गरज दोघांनाही नव्हती. घरी फोन करायचा तर ध्यानात ठेवा, हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो. हीटचा निकाल सांगायला मी रात्री आठला फोन केला, तेव्हा आजी झोपेतून उठली.

सोमवारी हिशेब. वाकलेला मागचा ॲक्सल, एक रिम, नाकाड. भाड्याच्या करारात मोडतोड आपल्या खर्चानं असते आणि दर तिथल्या छापील यादीचा असतो. ती यादी सुरुवातीलाच मागून घ्या. मी आधी सही केली, मग वाचली.