जिमनीला घरच्या घरी लिफ्ट: माझा अनुभव

आमच्या शेताकडे जाणारी पाणंद ट्रॅक्टरच्या चाकांनी पार खणून काढली आहे. चाकोऱ्या माझी मारुती सुझुकी जिमनी सहज निभावून नेते. अडते ती बांधावर. पुढची चाकं बांध ओलांडून गेली की पोट मातीला घासतं. तीन दारांच्या जिमनीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२५० मिलिमीटर, आपल्या पाच दारांच्या गाडीचा २५९०. त्यामुळे पोटाखालचा कोन, म्हणजे पोट न टेकता किती उभा उंचवटा ओलांडता येतो त्याचं माप, तिथे २८ अंश आहे, तर इथे २४. लिफ्टचा, म्हणजे लांब स्प्रिंगा बसवून गाडी उंच करण्याचा, विचार मनात आला तो यामुळे.

लिफ्टने सगळी गाडी उचलली जाते असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. जिमनीचे दोन्ही अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे आडवे दांडे) सलग आहेत. लांब स्प्रिंगा चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर उचलतात; अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा, डिफरन्शियल, जमिनीपासून होतं तेवढंच राहतं. ते उचलायचं तर मोठे टायरच लागतात. मला फक्त पोट उचलायचं होतं, म्हणून टायर तेच ठेवून ४० मिलिमीटरचा किट घेतला. हिशोबाने कोन तीनेक अंशांनी वाढतो. याहून उंच किट मिळतात, पण घाटात भरल्या गाडीने उतरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा, मगच किट मागवा.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, चॅसी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवली आणि पुढच्या अ‍ॅक्सलखाली जॅक धरला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले, गाडीचं झुकणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर दांड्याची लिंक सोडली. ब्रेकचे पाइप आणि एबीएसची वायर क्लिपांमधून मोकळी केली, नाहीतर अ‍ॅक्सल खाली येताना सगळा ताण त्यांच्यावर येतो. मग जॅक हळूहळू उतरवला. जुनी स्प्रिंग हातानेच बाहेर आली, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरची गरज पडली नाही. नवी बसवताना तिचं टोक खालच्या बैठकीच्या खोबणीत नीट टेकलं आहे ना, हे बोट फिरवून तपासलं.

खरं काम होतं कोनांचं. गाडी वर गेली की अ‍ॅक्सलला चॅसीशी जोडणारे पुढचे आर्म तिरपे होतात, त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, हायवेवर गाडी भरकटते. त्यासाठी आर्मच्या जोडात बसणारे, भोक मध्यापासून सरकवलेले रबरी बुश येतात. ते मात्र घरी बसवण्यासारखे नाहीत. दोन्ही आर्म काढून वर्कशॉपमध्ये प्रेसवर बसवून आणले. बुशवरची खूण कुठल्या बाजूला यायला हवी, ते तिथे स्वतः उभं राहून पाहिलं.

परत जोडणी सुरू झाली तेव्हा धाकट्या भावाने टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) उचलला. "दादा, आवळून टाकू?"

"नको. आत्ता नुसतं हाताने लाव."

रबरी बुशचे बोल्ट अ‍ॅक्सल लोंबकळत असताना आवळले, तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी चाकांवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून मागचीही बाजू पूर्ण करून गाडी चाकांवर उभी केली, अंगणात थोडी पुढेमागे घेतली आणि मगच एकेक बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळला.

पॅनहार्ड रॉडला मी ओळंबा वापरला. हा रॉड अ‍ॅक्सलला आडवा धरतो. गाडी उंचावली की तो जास्त तिरपा होतो आणि अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. दोन्ही फेंडरवरून ओळंबा सोडून टायरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. जो फरक आला, त्याच्या निम्म्याने अ‍ॅडजस्टेबल रॉडची लांबी बदलली. हे पुढे आणि मागे वेगवेगळं करावं लागतं. स्टिअरिंग टोकापर्यंत दोन्हीकडे फिरवून ब्रेकचे पाइप कुठे ताणत नाहीत, हेही पाहिलं.

अलाइनमेंट दुकानातच करून घेतली. आता बांधावर पोट टेकत नाही, हायवेवर स्टिअरिंगही हात सोडला की सरळ होतं. हेडलाइटचा झोत मात्र पुढच्या-मागच्या उंचीतल्या फरकाने बदलू शकतो, म्हणून रात्री भिंतीसमोर गाडी लावून तो खाली करून घेतला. थोडं अंतर चालवून झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासले.